डिस्क अर्धी रिकामी, तरी म्हणतो जागा नाही! पाच जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) पडलेत, कोणता काढू?

झेरॉक्सताई_सावदा

नमस्कार मंडळी. सावद्याला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, जे येईल ते. मशीन जुनं आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट २१.३. भाच्याने विंडोज काढून हे टाकून दिलं. गिऱ्हाइकांची आधार-पॅन कार्डं याच मशीनवर स्कॅन होतात म्हणून त्याने सगळ्या डिस्कला पासवर्ड लावला. त्यामुळे सकाळी शटर वर केलं की आधी पासवर्ड, मग उदबत्ती.

परवा सकाळी त्याने पासवर्ड विचारलाच नाही.

त्याआधी रात्री काय झालं ते सांगते. नऊ-साडेनऊला दुकान आवरताना अपडेट मॅनेजरमध्ये 'इन्स्टॉल' दाबलं. मध्येच लाल अक्षरं आली, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मी फाइल मॅनेजर उघडून बघितलं तर ११० जीबी मोकळी! भाच्याला फोन लावला. तो नाशकात शिकतो, त्याची परीक्षा चालू. म्हणाला, "मामी, टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब मार आणि बंद कर, उद्या बघू." ते मारलं. (ग्रब म्हणजे सुरू होताना कोणता कर्नल घ्यायचा ते ठरवणारा मेनू.) सगळं नीट झाल्यासारखं दिसलं. सासूबाई मागच्या दारातून, "काय करून रायली वं एवढ्या रात्री?" केलं बंद.

सकाळी काळा पडदा, पांढरी अक्षरं, कर्सरही हलेना. शेवटच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढलाय, ती अशी: 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक', आणि पुढे कंसात दोन शून्यं. समोर स्टुलावर केळीचे एक व्यापारी बसलेले. मुलाच्या पत्रिकेत हळदीची तारीख चुकली होती, ती दुरुस्त करून ३०० पत्रिका दुपारच्या आत पाहिजे होत्या, कारण वाटायला गाडी निघणार होती. ते पडद्याकडे बघून म्हणतात, "व्हायरस आहे का ताई?"

पुन्हा भाच्याला फोन. परीक्षेला निघालेल्या पोराला रिक्षात गाठलं. म्हणाला, सुरू होताना एस्केप दाब. मी घाबरून टकाटक सात-आठदा दाबलं तर 'ग्रब' लिहिलेला वेगळाच काळा पडदा आला. पुन्हा बंद, पुन्हा चालू, या वेळी एकदाच दाबलं. मेनू आला. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये शिरून वरचा ५.१५.०-१३० सोडला आणि त्याखालचा १२२ घेतला. पासवर्ड विचारला. खरं सांगते, त्या पासवर्डाच्या चौकटीकडे बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पत्रिका गेल्या वेळेत.

आता परवापासून १२२ वरच काम चालू आहे, मशीन बंद करायची हिंमत होत नाही. भाच्याने सांगितलेल्या कमांडने यादी काढली तर लिनक्स-इमेजच्या अकरा ओळी आल्या. पाचांच्या पुढे 'आयआय' लिहिलंय: ५६, ९१, १०७, ११९, १२२. १३० च्या पुढे 'आयएफ'. आणि आणखी पाच जुन्या आकड्यांपुढे 'आरसी'. मागच्या उन्हाळ्यात भाच्याने काही काढले होते, ते असावेत. मग अजून दिसतात कसे?

माझे प्रश्न.
डिस्क अर्धी रिकामी असताना जागा नाही म्हणजे काय?
यातले कोणते काढले तर चालतील? ५६ ला हात लावायला भीती वाटते. मशीनला केबल नाही, यूएसबीचं वायफाय डोंगल आहे. एकदा अपडेटनंतर ते बंद पडलं होतं, तेव्हा भाच्याने ५६ नाव घालून परत टाकला आणि ते चालू झालं. तेव्हापासून 'मामी, ५६ काढू नको' हे माझ्या डोक्यात बसलंय.
आणि कर्नलचे अपडेट कायमचे बंदच करता येतात का? मला तर बाकी काही नको, पत्रिका छापता आल्या पाहिजेत.

---

धडाका_पारोळा

टेन्शन नका घेऊ ताई. बूट फोल्डरमध्ये जा आणि जुन्या आकड्यांच्या फायली सुडो घेऊन आरएम मारून टाका. दोन मिनिटांचं काम. नाहीतर सरळ फॉरमॅट करा, मिंट २२ टाका, विषय संपला.

---

भुसावळकाका

ताई, वरचं करू नका. बूटमधल्या फायली हाताने उडवल्या तर पॅकेजच्या नोंदवहीत ते कर्नल 'आहेत' असंच राहतं, आणि पुढच्या अपडेटला ते बेणं परत त्यांची इनिटआरडी (मशीन उठताना कर्नलला आधी लागणारी फाइल) बनवायला बसतं. शिवाय घाईत १२२ ची फाइल उडाली तर आज जो दरवाजा उघडा आहे तोही बंद. फॉरमॅटचं तर बोलूच नका, लग्नसराईत दुकान बंद ठेवून फॉरमॅट कोण करतं?

आधी काय झालं ते. तुमची अख्खी डिस्क पासवर्डाने बंद आहे. पण मशीनला पासवर्ड विचारण्याइतकं तरी शहाणपण आधी कुठून तरी घ्यावं लागतं ना? ते उघड्यावर ठेवायला इन्स्टॉलच्या वेळी एक वेगळं छोटं विभाजन केलेलं असतं, तेच बूट. तुमची ११० जीबी आहे ती कुलपाच्या आतली. बूट त्याच्या बाहेर, आणि ते सातशे एमबीच्या आसपास असेल. टर्मिनलमध्ये डीएफ, जागा (म्हणजे स्पेस), आडवी रेघ एच, जागा, तिरकी रेघ बूट, असं लिहून बघा. माझा अंदाज नव्वदच्या वर टक्के भरलेलं दिसेल.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, इथला नियमच तसा आहे. तुम्ही टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाका.)

एकेका कर्नलच्या तिथे चार फायली असतात. व्हीएमलिनझ म्हणजे खुद्द कर्नल, दहा-पंधरा एमबी. सिस्टिम-मॅप आणि कॉन्फिग, त्या किरकोळ. आणि इनिटआरडी, ही खरी खादाड, मिंटमध्ये शंभर एमबीच्या आसपास सहज जाते. म्हणजे एका कर्नलला सव्वाशे एमबी धरा. पाच कर्नल बसले की सातशेच्या विभाजनात सहाव्याला उभं राहायला जागा नाही.

आता बाकीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की नवं जुन्याच्या जागी बसतं, मग कर्नलचं असं का? कारण पॅकेजच्या नावातच आकडा असतो. ५.१५.०-१२२ आणि ५.१५.०-१३० ही अपडेट मॅनेजरच्या लेखी दोन वेगळी पॅकेजं. ती शेजारी-शेजारी बसतात, आणि हे मुद्दाम आहे. नवं बिघडलं तर जुन्यावरून उठता यावं म्हणून. परवा तुम्ही उठलात ते याच सोयीमुळे. आमच्या भुसावळच्या भाषेत, एक इंजिन गाडीला आणि एक शेडात तयार. पण पाच शेडात उभी करायची नसतात.

तुमचं पॅनिक का झालं, तेही सांगतो, कारण खूण तुम्हीच लिहिलीय: पासवर्ड विचारलाच नाही. तो पासवर्ड विचारणारा कार्यक्रम इनिटआरडीत असतो. रात्री १३० चं कर्नल बूटमध्ये उतरलं, ते लहान असतं, मावलं. मग इनिटआरडी बनवताना जागा संपली, आणि अर्धवट फाइल त्याने स्वतःच पुसून टाकली. यादीत 'आयएफ' आहे ते तेच, मांडणी अर्धवट राहिलेलं. खरं तर इथे थांबले असतात तर सकाळी मशीन १२२ वरच निमूट सुरू झालं असतं, कारण मेनूत १३० ची नोंदच झाली नव्हती. भाच्याने अपडेट-ग्रब मारायला सांगितलं आणि त्याने बूटमध्ये १३० बघून त्याला मेनूत सगळ्यात वर बसवलं, इनिटआरडीशिवाय. पोराला रागावू नका, परीक्षेच्या आदल्या रात्री मीही तेच सांगितलं असतं.

आता काम. क्रम मोडू नका.

पहिलं, इन्व्हर्टर चार्ज आहे का बघा. लाईट जायच्या वेळेला हे करायचं नाही. इनिटआरडी लिहिताना करंट गेला तर परत पहिले पाढे.

दुसरं, युनेम, जागा, आडवी रेघ आर. उत्तर १२२ आलं पाहिजे. जे चालू आहे ते काढायचं नाही, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिसरं, सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह, आणि शेवटी जागा सोडून दोन आडव्या रेघा व त्यांना चिकटून पर्ज. एंटर दाबलं की ते आधी यादी दाखवेल आणि वाय की एन विचारेल. वाय दाबायच्या आधी ती यादी इथे टाका. त्यात ९१, १०७, ११९ असतील असं मला वाटतं. चालू असलेला, सगळ्यात नवा आणि त्याच्या मागचा यांना ते स्वतःहून सोडतं.

५६ त्या यादीत येणार नाही. का, ते नंतर बोलू.

'आरसी'च्या ओळींचं मनावर घेऊ नका. पॅकेज गेलं, त्याची सेटिंगची चिठ्ठी राहिली, एवढाच अर्थ. पर्ज न म्हणता नुसतं रिमूव्ह केलं की असं राहतं. बूटमध्ये त्यांची जागा शून्य.

---

पांझराकाठचा

आमच्या फेडोरात (दुसऱ्या जातीचं लिनक्स) ही कटकटच नाही. डीएनएफ (तिथलं पॅकेज बसवणारं) स्वतःच तीनच कर्नल ठेवतं, चौथा आला की सगळ्यात जुना आपोआप जातो. इन्स्टॉलओन्ली-लिमिट म्हणून सेटिंग आहे, त्यात तीन लिहिलेलं असतं. बघा विचार करून.

---

भुसावळकाका

पांझराकाठचे भाऊ, बरोबर आहे, पण ताईंना आज पत्रिका छापायच्यात, धर्मांतर करायचं नाहीये. उबुंटूतही अनअटेंडेड-अपग्रेड चालू असेल तर ते जुने कर्नल काढतं. मिंटमध्ये ती सोय आहे, पण आपण टिक केल्याशिवाय ती चालत नाही. त्याच्यावर येतोच.

---

तापीपार_अमळनेर

काही नही व्हस ताई, घाबरू नका. माझा सल्ला, एकदा चाललं की हात लावायचा नाही. ॲप्ट-मार्क होल्ड करून लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक आणि हेडर्स-जेनेरिक गोठवून टाका. मी जिनिंगच्या काट्यावरच्या मशीनला तेच केलंय, कापसाचा दुसरा हंगाम चाललाय, एकदाही त्रास नाही.

---

झेरॉक्सताई_सावदा

काका, तुम्ही तर समोर बसून सांगितल्यासारखं लिहिलंय. डीएफचं उत्तर: आकार ७०५ एमबी, ९५ टक्के भरलेलं. युनेमचं उत्तर १२२.

ऑटोरिमूव्हची यादी तुम्ही म्हणालात तशीच. लिनक्स-इमेज ९१, १०७, ११९, त्यांचे मॉड्यूल्स, मॉड्यूल्स-एक्स्ट्रा, हेडर्स. खाली लिहिलंय की दीड जीबीच्या वर जागा मोकळी होईल. पण बूट तर सातशेचंच आहे ना? हे दीड जीबी कुठून आलं?

अजून वाय दाबलेलं नाही. बोट तसंच वर धरून बसलेय.

---

भुसावळकाका

बोट खाली आणा, दाबा वाय.

दीड जीबीचं उत्तर: बूटमध्ये असतो तो कर्नलचा फक्त पुढचा तुकडा. त्याचे ड्रायव्हर लिब-मॉड्यूल्समध्ये आणि हेडर (बाहेरचे ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फायली) युएसआर-एसआरसीमध्ये असतात, म्हणजे तुमच्या मोठ्या, कुलपातल्या डिस्कवर. तिथे एकेक कर्नल काही शे एमबी घेतो. मोठ्या डिस्कवर ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण एक सांगतो, एके काळी माझ्याकडे २० जीबीच्या विभाजनावर उबुंटू होतं. एक दिवस 'जागा नाही'. डीएफ म्हणतं ३० टक्के मोकळं. दोन तास डोकं खाजवल्यावर डीएफला आडवी रेघ आय जोडून बघितलं तर आयनोड (एकेका फाइलच्या नोंदीची जागा) शंभर टक्के संपलेले. हेडरच्या पॅकेजात हजारो बारीक-बारीक फायली असतात, आणि मी चौदा कर्नलचे हेडर साठवून ठेवले होते. तांदळाचं पोतं अर्धं रिकामं, पण पावत्यांची वही भरलेली, अशातली गत.

काढून झालं की बहुतेक त्याच दमात ते १३० ची अर्धवट मांडणी पूर्ण करायला घेईल. घेतलं नाही तर सुडो डीपीकेजी, दोन रेघा कॉन्फिगर, आडवी रेघ ए. आणि हो, लगेच रीस्टार्ट करू नका. आधी दोन गोष्टी तपासायच्या. एलएस, आडवी रेघ एलएच, बूट असं करून इनिटआरडी-डॉट-आयएमजी १३० नावाची शंभरच्या आसपास एमबीची फाइल दिसते का. आणि डीकेएमएस स्टेटस लिहून, डोंगलच्या ड्रायव्हरपुढे १३० ची ओळ 'इन्स्टॉल्ड' अशी आहे का.

हे दुसरं का, तर तुमच्या त्या डोंगलचा ड्रायव्हर कर्नलच्या पोटात नसणार, भाच्याने बाहेरून आणून डीकेएमएसमध्ये बसवलाय असं तुमच्या गोष्टीवरून दिसतं. डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी तो ड्रायव्हर नव्याने तयार करतं, आणि त्याला त्याच आकड्याचे हेडर लागतात. हेडर नसले की ड्रायव्हर बनत नाही, कर्नल मात्र बसतो. मग सकाळी मशीन सुरू आणि नेट गायब. भाच्याने ५६ परत टाकला तेव्हा बहुधा हेच झालं असणार. म्हणजे गुण ५६ चा नव्हता, त्याच्या हेडरचा होता.

आता मला एक सांगा. तुम्ही गेले दोन दिवस १२२ वर आहात आणि इथे लिहिताय. मोबाइलवरून लिहिताय की दुकानातल्या मशीनवरून?

---

झेरॉक्सताई_सावदा

मशीनवरून! त्याच डोंगलवरून! म्हणजे १२२ वर डोंगल चालतंय की. हे माझ्या लक्षातच आलं नाही. इतके दिवस मी ५६ ला देवघरातल्या टाकासारखं जपतेय.

तर झालं ते सांगते. वाय दाबलं. तीन कर्नल भराभर गेले, मग 'सेटिंग अप लिनक्स-इमेज ५.१५.०-१३०' असं आपोआप आलं. तुम्ही म्हणालात तसंच. मग डीकेएमएसच्या काही ओळी, मशीनचा पंखा जोरात फिरायला लागला. आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस: जनरेटिंग' ही ओळ पडद्यावर येऊन थांबली तेवढ्यात वरचा पंखा बंद. लाईट गेली! सहाला जाते, आज पावणेपाचला. इन्व्हर्टरने टुंई केलं आणि मशीन चालूच राहिलं, पण माझा जीव त्या एका ओळीवर टांगलेला. झेरॉक्स मशीन इन्व्हर्टरवर नाही म्हणून तेवढ्यात एक बाई ओरडल्या, "ताई, अर्धाच कागद निघाला." म्हटलं थांबा, माझाही अर्धाच निघालाय.

मग 'जनरेटिंग ग्रब कॉन्फिगरेशन फाइल', मग 'डन'. बूट आता ५६ टक्के. इनिटआरडी १३० आहे, १०५ एमबी. डीकेएमएसमध्ये ५६, १२२ आणि १३० अशा ओळी, तिन्ही इन्स्टॉल्ड.

रीस्टार्ट केलं. पासवर्ड विचारला. डोंगलचा निळा दिवा लुकलुकला. युनेम १३० सांगतंय.

आता ५६ चं काय? तो ऑटोरिमूव्हमध्ये का आला नाही ते तुम्ही नंतर सांगणार होतात.

---

भुसावळकाका

छान. लाईटचं वाचून मलाच घाम फुटला.

५६ भाच्याने नाव घालून टाकला होता ना? ॲप्टच्या हिशेबात पॅकेजं दोन प्रकारची. काही दुसऱ्याच्या मागोमाग आपोआप आलेली, आणि काही माणसाने स्वतः नाव घेऊन मागितलेली. ऑटोरिमूव्ह पहिल्या प्रकारालाच हात लावतं. तुम्ही मागितलं त्याअर्थी तुम्हाला हवं आहे, असं ते धरतं. ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल मारलं की त्या यादीत ५६ दिसेल. आपोआप जाणार नाही, त्याला हाताने निरोप द्यायचा.

पण आज नको. दोन-तीन दिवस १३० वर काम करा. स्कॅनर, प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह, सगळं चालवून बघा. मागे १२२ आहेच. मग ५६.

काढताना टर्मिनलपेक्षा मिंटची खिडकी वापरा. अपडेट मॅनेजर, व्ह्यू, लिनक्स कर्नल्स, डावीकडे ५.१५ ची मालिका. ५६ वर क्लिक, रिमूव्ह. इमेज, मॉड्यूल्स, हेडर सगळं एकदम नेते. टर्मिनलमध्ये एक खोडी आहे, ती माहीत असावी म्हणून सांगतो: नुसतं लिनक्स-इमेज पर्ज करायला सांगितलं की कधी-कधी ॲप्ट त्याच आकड्याचं 'अनसाइन्ड' कर्नल नव्याने बसवायला निघतं. कारण मॉड्यूल्स-एक्स्ट्रा मागे राहिलेलं असतं, आणि त्याला कुठलं ना कुठलं कर्नल लागतंच. आपण काढायला गेलो आणि नवीनच घरात! म्हणून 'नवीन बसवणार' या मथळ्याखाली काही दिसलं की एन दाबायचं आणि मॉड्यूल्सचं नावही सोबत द्यायचं.

त्याच अपडेट मॅनेजरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, ऑटोमेशन. तिथे जुने कर्नल आणि नको असलेल्या गोष्टी आपोआप काढण्याचा खटका आहे. तो टिक करा. यापुढे ९१-१०७-११९ अशी रांग लागणार नाही.

आता अपडेट बंद करण्याचं. अमळनेरच्या भाऊंचा काटा कुठल्या नेटला जोडलेला नसेल तर त्यांचं चालून जाईल. ताई, तुमच्या मशीनवर लोकांची आधार-पॅन आहेत आणि दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात. होल्ड म्हणजे फक्त नवा आकडा थांबतो असं नाही, भोकं बुजवणंही थांबतं. २०२२ च्या मार्चमध्ये डर्टी पाइप नावाचं भोक उघडकीला आलं. ज्या फाइलला फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यात साध्या वापरकर्त्याला लिहिता येत होतं, आणि त्यावरून थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येत होतं. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये ते होतं. दुरुस्ती कर्नलच्या अपडेटमधूनच आली, दुसरा रस्ता नव्हता. तुमचा ५६ त्यानंतरचा आहे, तेव्हा ते विशिष्ट भोक त्यात नाही. पण ५६ ते १३० मध्ये जे-जे बुजवलं ते ५६ मध्ये उघडंच आहे. डोंगलसाठी एखादा आठवडा होल्ड ठेवला तर समजू शकतो. हंगामच्या हंगाम नाही.

आणखी एक, नुसतं अपडेट करून भागत नाही. रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कर्नल मेमरीत चालत राहतो. रात्री सस्पेंड करून सकाळी उठवणारे पुष्कळ जण महिनोन्महिने अपडेट मारत असतात आणि चालवत असतात जुनाच.

---

तापीपार_अमळनेर

काट्याचं मशीन नेटला नाहीच काका. पण घरच्या लॅपटॉपलाही होल्डच मारलेलं होतं. आज काढलं. सदतीस अपडेट आले.

---

धडाका_पारोळा

मग ६.८ का नाही टाकत? त्याच कर्नलच्या खिडकीत बाजूला नवी मालिका दिसते. नवं ते नवं.

---

भुसावळकाका

नवं हार्डवेअर असेल तर जरूर. नव्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स जुन्या कर्नलला ओळखूच येत नाही, तेव्हा वरची मालिका लागते. ताईंचा आय-थ्री चौथ्या पिढीचा आहे, ५.१५ त्याला नखशिखान्त ओळखतो. मालिका बदलली की डोंगलच्या बाहेरच्या ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलशी जुळेलच असं नाही, डीकेएमएस मध्येच कच खातं. आणि ५.१५ म्हातारा झाला असं समजू नका. मूळ ५.१५ ऑक्टोबर २०२१ चा, पण मिंट २१ ज्या उबुंटू २२.०४ वर उभं आहे त्याला एप्रिल २०२७ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहणार. डॅशनंतरचा तो १२२, १३० आकडा वाढतोय तो त्याचाच.

ताई, अजून एक बारीक काम. सुरुवातीचा मेनू लपलेला असतो म्हणून तुम्हाला एस्केपचा खेळ करावा लागला. इटीसी-डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये ग्रब-टाइमआउट-स्टाइल बरोबर मेनू, आणि ग्रब-टाइमआउट बरोबर पाच असं करा, मग अपडेट-ग्रब. या वेळी ते मारणं योग्य आहे. रोज पाच सेकंद मेनू दिसेल आणि खाली बाणाने १२२ वर जाता येईल. नको असेल तर राहू द्या, पण मग लक्षात ठेवा: एस्केप एकदाच. जास्त दाबून ग्रबच्या काळ्या पडद्यावर पोचलात तर घाबरून बटण बंद करायची गरज नाही, नॉर्मल असं टाइप करून एंटर आणि लगेच एकदा एस्केप.

---

झेरॉक्सताई_सावदा

चार दिवस झाले म्हणून सांगायला आले.

१३० वर सगळं चाललं. स्कॅनर, डोंगल, पत्रिका, एकदा तर भर दुपारी पीकविम्याची रांग होती तेव्हाही मान टाकली नाही. काल रात्री ५६ काढला. मिंटच्या खिडकीतूनच. रिमूव्ह दाबताना हात थोडा थांबला, खोटं कशाला सांगू. एका मिनिटात गेला. बूट आता ३८ टक्के. आत १२२ आणि १३०, बस्स. ऑटोमेशनचा खटका टिक केलाय, आणि मेनूला पाच सेकंद ठेवलेत. सासूबाईंना त्या पाच सेकंदांत दिसणारी यादी आवडली नाही. म्हणाल्या, "हे काय नवीन, आधी तर नव्हतं."

भाच्याची परीक्षा संपली. त्याला हा सगळा धागा वाचायला दिला. अपडेट-ग्रबचा भाग वाचून म्हणाला, "मामी, काकांना सांग, मला मुळात बूट वेगळं आहे हेच आठवत नव्हतं." मी म्हटलं, तूच तर केलंस ते विभाजन. तर म्हणतो, व्हिडिओ बघून केलं होतं, त्यात सातशे म्हणाले, मी सातशे दिलं.

केळीवाले व्यापारी काल पेढे देऊन गेले. जाताना विचारत होते, व्हायरस गेला का.

नव्या कर्नलवर प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापताना दुसरी बाजू उलटी येते असं आज सकाळी लक्षात आलं. आधीही येत होती की आत्ताच, ते मला आठवत नाही. १२२ वर जाऊन एक पान काढून बघते आणि वेगळ्या धाग्यात विचारते.